बंद दाराचं अनुष्ठान

उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, नदीच्या ब्रह्मा घाटाजवळच्या त्या मराठी गल्लीत एक शिरस्ता होता. वेणीमाधव गुरुजींचं दार आतून बंद असलं, की ते अनुष्ठानाला बसलेत असं समजायचं आणि हाक न मारता निघून जायचं. गुरुजींनी आयुष्यभर वेद शिकवले, तेव्हा ते खरंही होतं. पण दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, मुलगा तर केव्हाच बंगळुरात. तेव्हापासून आत जप नव्हता की धड पूजा नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भिंतीकडे बघत बसायचा, बस्स!

निवृत्त शिक्षिका शरदिनीताई रोज सकाळी घाटावर दहा-बारा वयस्कांचा व्यायाम घ्यायच्या. जाताना दाराबाहेरून विचारायच्या, "गुरुजी, येताय ना?"

"अनुष्ठान आहे," आतून उत्तर यायचं. चारचौघांत हातपाय हलवायची गुरुजींना लाज वाटायची.

एका सकाळी पाटावरून उठताना गुडघ्यांनी दगा दिला आणि गुरुजी आडवे झाले. तेवढ्यात दूधवाला आला. गुरुजींना हाक मारता येईना, ते नुसते कण्हले.

"गुरुजी का मंत्र चल रहा है," दूधवाला शेजारणीला म्हणाला, "दूध यहीं रख देता हूँ।" आणि गेला की हो! रोजचं खोटं असं अंगाशी आलं. एवढ्या भरल्या गल्लीत आपण मेलो तरी कुणाला कळणार नाही, या विचारानं गुरुजींना रडू फुटलं. दुपारी खाटेचा पाय धरून ते कसेबसे उठले.

दुसऱ्या दिवशी शरदिनीताईंना त्यांनी दार उघडून सगळं सांगितलं. वर म्हणाले, "आता घरीच करीन व्यायाम. त्याला गर्दी कशाला?"

"तीन दिवस कराल नि सोडाल! गुरुजी, तुम्ही विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वेद का म्हणायला लावायचात?"

"एकाचा स्वर ढळला तर दुसरा सावरतो, म्हणून."

"मग गुडघ्यांचं काय वेगळं आहे?"

 पडून आलेली गुडघ्यांची सूज उतरल्यावर गुरुजी निमूटपणे घाटावर गेले. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, शेजाऱ्याचा हात धरून एका पायावर उभं राहायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्याऐवजी उजवा पाय उचलला. सगळे हसले, आणि कितीतरी दिवसांनी गुरुजीही हसले. दोन महिन्यांत ते घाटाच्या पायऱ्या न थांबता चढू लागले. संध्याकाळी घर अजून खायला उठायचं, पण आता सकाळची वाट तरी बघता यायची.

मग एकदा त्यांना ताप भरला. दार बंदच राहिलं. व्यायामाची साडेसहाची वेळ टळते न टळते तोच कडी वाजली.

"अनुष्ठान में होंगे," दूधवाल्याचा आवाज आला.

"असू दे अनुष्ठान!" शरदिनीताई ओरडल्या. "गुरुजी, दार उघडा, नाहीतर तोडतो आम्ही!"

गुरुजी अंथरुणावरून उठले, कशाचाही आधार न घेता. दार उघडलं तर अख्खी मंडळी दारात! "अहो, नुसता ताप आहे," म्हणत त्यांनी सगळ्यांना आत घेतलं.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल, ते जरूर ठोठावा. उतारवयात व्यायामानं गुडघे बळकट होतात, हे डॉक्टर सांगतीलच. पण तो चौघांनी मिळून केला, की आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचीच जास्त गरज असते.

गुरुजींनी त्या दिवसापासून आतून कडी लावणं सोडलंय.