संपादकांच्या पेपरावरचे ओरखडे

माळ्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती त्या बाईच्या छत्रीमुळे. ऊन नाही, पाऊस नाही, तरी हातात छत्री. आणि छत्रीला टोकदार लोखंडी टोक.

दोन महिन्यांपूर्वी बागेच्या मधोमध दिवंगत संपादकांचं स्मारक उभं राहिलं होतं. ब्राँझचे संपादक दगडी बाकावर बसलेले, गुडघ्यांवर उघडा पेपर, हातात लेखणी. लोक शेजारी टेकून फोटो काढायचे, मुलं चष्म्याला हात लावून पळायची. ही बाई मात्र कधी टेकली नाही. वय साठीच्या पुढचं, केस घट्ट बांधलेले. रोज अकराच्या ठोक्याला यायची, पुतळ्याच्या तोंडाकडे पाच-दहा मिनिटं टक लावून बघायची आणि चालू पडायची.

“चांगल्या मनाने कुणी असं बघतं होय?” माळी घरी म्हणाला.

“तुम्हाला तर फुलपाखराचाही संशय येतो,” बायको म्हणाली. “फुलं चोरायला आलंय म्हणाल.”

पण एका सोमवारी दुपारी त्या ब्राँझच्या पेपरावर ओरखडे दिसले. बारीक, एकाशेजारी एक, थेट मथळ्यावरून गेलेले. “पुतळ्याला काही झालं तर पहिला जाब तुम्हाला,” असं बागेच्या साहेबांनी माळ्याला उद्घाटनाच्या दिवशीच बजावलं होतं. मग तो कुंपणाची मेंदी कापायच्या निमित्ताने डोळ्यांत तेल घालून बाईवर पाळत ठेवू लागला. ती पुतळ्याला बोटसुद्धा लावत नव्हती. म्हणजे नजर चुकवून करते, पक्की आहे, असं त्याने ठरवलं. गुरुवारी ओरखडे वाढले, तसा तो तडक साहेबांकडे गेला.

“ती छत्रीवाली, साहेब. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

पाहिलं नव्हतं. पण तोंडून निघून गेलं, आणि साहेबांनी उलट काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला फाटकातच अडवलं. चार लोकांदेखत नाव-पत्ता वहीत लिहून घेतला आणि पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. बाईचा आवाज चढला नाही. कुणी पाहिलं, एवढंच तिने विचारलं. वॉचमनने कुंपणापाशी मेंदी कापणाऱ्या माळ्याकडे बोट केलं.

“तुम्ही पाहिलंत?”

“हो,” माळी हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाला.

“यांच्या पेपरातही असंच आलं होतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलं म्हणून.” तिने पुतळ्याकडे मान हलवली. “मी नर्स होते. चुकीचं इंजेक्शन दिलं, असं पहिल्या पानावर छापलं, नावासकट. चौकशीत मी निर्दोष ठरले. तेवढं छापा, म्हणून किती हेलपाटे घातले त्यांच्या ऑफिसात. एक ओळ आली नाही.”

“मग राग असणारच की तुम्हाला!”

“आहे की संपला, तेच बघायला येते रोज. परवा वाटलं होतं, संपत आला.”

ती गेली. गोष्ट रचायला काय लागतं, माळ्याने स्वतःची समजूत घातली. राग होता हे तर तिनेच कबूल केलं ना!

सोमवारी त्याला बागेत यायला उशीर झाला. कबुतरांची घाण नुसत्या पाण्याने निघत नाही, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी पहाटेच्या अंधुक उजेडात तो हल्ली नव्या तारेच्या ब्रशने पुतळा घासून काढायचा. आज ऊन वर आलं होतं. पेपरावरून ब्रश फिरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ब्राँझवर रेघा उमटल्या. बारीक, एकाशेजारी एक.

आधी त्याने कुणी बघत नाही ना, ते पाहिलं.

“आता काय करणार?” दुपारी सगळं ऐकून बायकोने विचारलं.

“ब्रश बदलला की झालं. कुणाला कळतंय?”

“तिला ठाऊकच आहे. आणि आता मलाही.”

जेवण अर्धवट टाकून तो उठला. तो साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. साहेब कडाडले. पुतळ्याचं काम काढून घेतलं, उद्यापासून रोपांच्या शेडमध्ये पाठवलं. शेवटी म्हणाले, “त्या बाईचा विषय मात्र आता वाढवू नका.”

पण वॉचमनच्या वहीत पत्ता होता. तीन गल्ल्या पलीकडे, दुसरा मजला. बाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. माळ्याने उभ्याउभ्या सांगितलं आणि मान खाली घातली.

“लिहून द्या,” बाई म्हणाल्या.

“अक्षर चांगलं नाही माझं.”

“चालेल.”

त्यांनी फटीतून कागद-पेन दिलं. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं: ओरखडे माझ्या ब्रशने पडले. बाईंनी काही केलं नाही. पाहिलं म्हणालो ते खोटं होतं. बाईंनी दोनदा वाचलं, तारीख घालायला लावली आणि दुसरा कागद पुढे केला.

“आणखी एक. तो फाटकावरच्या फळ्यावर लावा. अडवलं तिथेच.”

सकाळी त्याने तो लावला. वॉचमनने मोठ्याने वाचून दाखवला, लोक हसले. माळी दिवसभर शेडमधून बाहेर पडला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई आल्या. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी कागद वाचला. वॉचमन बाजूला झाला, तशा त्या आत शिरल्या. पण पुतळ्याकडे वळल्या नाहीत. तळ्याच्या कडेने, शेडवरून, सगळ्या बागेला एक फेरी मारून मागच्या फाटकाने निघून गेल्या. शेडवरून जाताना त्यांनी माळ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की माफी, हे काही त्याला कळलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.