बियाण्याचा दुधी

मी दुधी बोलतोय. भाजीचा नव्हे, बियाण्याचा. हा फरक घरात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि मला कापलं तेव्हा ते माणूस गिरणीत गेलं होतं.

ते माणूस म्हणजे आई. माझं बी तिला तिच्या मावशीने लग्नात चिंधीत बांधून दिलेलं. तेव्हापासून दर वर्षी वेलावरचा एक देखणा दुधी ती राखून ठेवायची. बाकीचे कोवळेपणीच स्वयंपाकघरात जायचे. राखलेला वेलावरच वाळायचा, तेव्हा कुठे त्याच्यात पुढच्या वर्षीचं बी भरायचं. यंदा डब्यातलं जुनं बी उंदरांनी फस्त केलं. वेलही थकला होता. उरलो मी एकटा. आईने माझ्या देठाला लाल दोरा बांधला. याला कुणी हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती मात्र रोज सकाळी येऊन माझ्यावरून हात फिरवून जायची.

सुट्टीला मुलं घरी आली. थोरल्याने जाहीर केलं की यंदाचं जेवण फक्त घरचं आणि आसपासचं. अंडी समोरच्या सुतारणीच्या कोंबड्यांची, दूध पलीकडच्या गल्लीतलं, भाजी परसातली. बाहेरचं काही चालणार नाही. आई इतकी हरखली की स्वतःच पीठ दळून आणायला निघाली. थोरला सुरी घेऊन परसात आला. परसातल्या भाज्यांत सगळ्यांत मोठा मीच होतो.

जेवायला बसल्यावर तो मातीबद्दल बोलत राहिला. आपण आपली मुळं कशी विसरलो, वगैरे.

"दादा, भाषण झालं असेल तर वाढतोस का?" धाकटी म्हणाली. सगळे हसले.

पहिल्याच घासाला आईचा हात थांबला. माझी जून साल तिच्या दाताखाली आली होती.

"हा दुधी कुठला रे?"

"परसातला. दोरा बांधलेला."

"दोरा दिसला होता तुला?"

"दिसला की. मला वाटलं, आमच्यासाठी राखून ठेवलायस."

आई म्हणाली, "बियाण्याचा होता तो. शेवटचा."

"एवढंच ना? बाजारात पुडी मिळते, आई," धाकटी म्हणाली.

"मी आत्ताच मागवतो. परवा घरपोच येईल," असं म्हणत थोरल्याने मला आणखी वाढून घेतलं.

आईने पानातलं सगळं संपवलं. टाकायची सवय नव्हती तिला.

मग सालींच्या बादलीत हात घालून तिने माझ्या बिया वेचल्या, धुतल्या, कागदावर वाळवल्या. नखाने एकेक दाबून पाहिली. सगळ्या पोचट. मुलं परत गेली, पुडी आली. ती तिने उघडलीही नाही. माझ्याच बिया वाफ्यात टोचल्या.

घरच्या अन्नाचे गोडवे गाणाऱ्यांनो, सुरी उचलण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारत जा. तेवढंही जमत नसेल तर बाजारातलं खा, निदान कुणाचं काही बुडणार नाही.

आणि आई, तू रोज पाणी घालतेस. नको घालूस. मी उगवणार नाही, हे तुला माझ्याआधी कळलंय.