मान खाली घालून ऐकायचं पुस्तक

श्यामसुंदरानं उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, आणि आता डॉक्टरांनी त्याला आठवडाभर तेवढंच काम दिलं होतं.

डावा डोळा काचबिंदूनं पूर्वीच नेलेला. उजव्याचा पडदा सुटला, तो ऑपरेशन करून जागेवर बसवला आणि आत वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. त्यानं मागचा पडदा दाबून धरायचा, तर तोंड जमिनीकडेच हवं. जेवताना, झोपताना, भांडतानासुद्धा.

हा भूगोलाचा निवृत्त मास्तर. नारायण पेठेतल्या शाळेत तो नुसता खोकला की लकडी पुलावरची वाहतूक थांबायची. मी स्वतः सायकलवर अडकलोय. असा माणूस गप्प पडून राहणार कसा?

"बाबा, ऑडिओबुक लावते. एखादी कादंबरी?" सून नीरजानं विचारलं.

"खोटंनाटं ऐकवायला शेजारी एक आहे, तो पुरे."

शेजारी म्हणजे मी.

मग खरीखुरी पुस्तकं सुरू झाली. पलंगाच्या कडेला, मधे भोक असलेल्या गोल उशीत श्यामाचं तोंड, खाली चौरंगावर फोन. मधमाश्यांवरचं पुस्तक लागलं.

"हा वाचता वाचता पाणी प्यायला! घोट ऐकू आला मला!" म्हणत त्यानं ताडकन मान वर केली. नीरजानं धावत जाऊन ती खाली दाबली.

आरोग्यावरच्या पुस्तकात वाचणारा 'मित्रांनो' म्हणाला. "याची-माझी ओळख कधी झाली?" मान वर. एका उद्योगपतीच्या आत्मचरित्रामागे सनई वाजत होती. "पंगत बसलीय का?" मान पुन्हा वर.

मधल्या तपासणीत कोथरूडच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पडदा कडेनं किंचित उचललाय. आणखी एकदा असं झालं, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

घरी आल्यावर नीरजानं मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज दबलेला, डोळे लाल. "काका, पन्नास पुस्तकं चाळली. बाबांना चूक सापडणार नाही असं एकही नाही."

"मग चुकांनी भरलेलं शोध."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? डोळा जाईल त्यांचा!"

"अगं, चूक सापडली म्हणून तो मान वर करत नाही. कुणाला तरी सुनवायचं असतं, म्हणून करतो. सुनवायची सोय खालीच करू."

पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावरचं एक पुस्तक तिनं काढलं. ऐकणाऱ्यांनी त्याला शिव्याच शिव्या घातल्या होत्या. चौरंगावर मी माझाही फोन रेकॉर्डिंग लावून ठेवला.

"श्यामा, प्रकाशकानं श्रोत्यांच्या हरकती मागवल्यात. तोंडी. फोन खाली आहे, वरून बोललास तर उमटायचं नाही."

"प्रकाशकाला एवढी अक्कल?"

"तुझ्या एकट्याच्या नाही, सगळ्यांच्याच मागवल्यात."

"म्हणजे माझ्याच."

पुस्तक सुरू झालं. "कात्रज हे पुण्याच्या उत्तरेला..."

श्यामाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. नीरजाचा हात हवेतच राहिला. मी श्वास असा रोखला की वरचा पंखा हवेअभावी मंदावला. उशीवरून कपाळ सुटलं.

"खाली बोल," मी म्हणालो. "वर कुणी ऐकत नाही."

कपाळ तिथंच अधांतरी थरथरलं. मग हळूहळू टेकलं.

"हरकत पहिली," श्यामा जमिनीला म्हणाला. "कात्रज दक्षिणेला आहे. होकायंत्र घ्या. परवडत नसल्यास सूर्य फुकट आहे."

नीरजानं पुस्तकाचा आवाज वाढवला.

पुढचे दिवस हरकतींत गेले. त्यांच्या वाफेनं चौरंगाचा रंग उडाला. पण शेवटच्या सकाळी घात झाला. शेवटच्या तपासणीला न्यायला रिक्षा यायची होती, आणि पुस्तकानं एकाएकी बरोबर बोलायला सुरुवात केली. एक पान, दोन पानं, अख्खं प्रकरण. चूक नाही.

"शिकला वाटतं," श्यामा कंटाळून म्हणाला. "मग मी कशाला लोळतोय?" त्यानं कोपरं पलंगावर रोवली. खांदे उचलले.

"बाबा, नको!" नीरजा ओरडली. तो कुणाचं ऐकतो?

मी सरळ पलंगाखाली शिरलो, चौरंग ढकलला आणि त्याच्या नाकाखाली उताणा पडलो.

"मुठा नदी सिंहगड चढून जाते," मी म्हणालो.

कोपरं तशीच ताठ.

"पावसाळ्यात तर धावत चढते. वर दही खाते."

कोपरं वाकली. कपाळ उशीत रुतलं. "गाढवा," तो म्हणाला, "हरकत आहे माझी!"

रिक्षा येईपर्यंत मी तिथून हललो नाही. रिक्षातही त्याचं कपाळ माझ्या गुडघ्यावर, आणि मी थापा मारतोय. हिमालय आधी हडपसरला होता. जागा पुरेना म्हणून हलवला. एकेका थापेवर श्यामा माझ्या पोटरीला चिमटा काढून हरकत घेत होता. पोटरी हिरवीनिळी झाली, पण मान वर आली नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. नीरजानं ओढणीचा पीळ करून मुठीत धरला होता.

"पडदा पक्का बसलाय," डॉक्टर म्हणाले. "आता खुशाल सरळ बसा, गुरुजी."

पण श्यामानं सवयीनं हनुवटी छातीला लावली होती. "थांबा. याचं हिमालयाचं प्रकरण अजून संपलेलं नाही."

डॉक्टरांनी बोटानं त्याची हनुवटी वर केली. श्यामा डोळा बारीक करून समोर बघत राहिला.

"ते धूसर धूसर दिसतंय, ते कोण?"

"मी आहे रे."

"मग असू दे," तो म्हणाला. "तेवढंच दिसलेलं बरं."