सुंदरीच्या नावाची थाळी

शांताबाई आपली सख्खी आई नव्हती, हे गोदाबाईंना ती अंथरुणाला खिळली तेव्हा कळलं. "फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून तुला आणली. तिथं तुला सुंदरी म्हणायचे," एवढंच ती बोलली. गोदाबाईंनी ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. पुढे नवरा गेला, मुलगा कॅनडात राहिला, आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सांगायला कुणी उरलंच नाही.

खालच्या मजल्यावरची अक्षदा छावणीतल्या हरवलेल्या मुलांवर प्रबंध लिहीत होती, जुनी सरकारी दप्तरं चाळत होती. एकदा चहा पिताना गोदाबाईंच्या तोंडून ते नाव निघून गेलं.

काही आठवड्यांनी अक्षदा आली आणि तिनं थेट त्यांचा डावा हात धरला. कोपराजवळ भाजल्याचा जुना डाग होता.

"आजी, हे कधीचं?"

"आठवतंय तेव्हापासून आहे. का गं?"

"शांताबाईंना सुंदरी दिली, अशी नोंद आहे. पण सुंदरीच्या अंगावर काहीच खूण नव्हती. असा डाग होता मोहिनीला. दोघी तीन-तीन वर्षांच्या, तापाच्या वॉर्डात शेजारी शेजारी. आणि मोहिनी वारली असं लिहिलंय." अक्षदा घुटमळली. "अदलाबदल झाली असणार, आजी. मोहिनी तुम्ही. तुम्हाला मोठा भाऊ होता, लेखराज."

"आहे तो?"

नव्हता. काही वर्षांपूर्वीच गेला होता. उल्हासनगरात दुकानाच्या माडीवर त्याची बायको देवीबाई राहत होती. गोदाबाई वाढल्या ते कल्याणचं घर तिथून रिक्षानं जाण्याइतकं जवळ.

अक्षदानं आधीच सगळं कळवलं होतं. देवीबाईंनी त्यांना दारातच मिठी मारली आणि सिंधीत खूप काही बोलत राहिल्या. गोदाबाईंना अक्षरही कळेना. त्या ओशाळून म्हणाल्या, "समजत नाही हो मला."

मग देवीबाई हिंदीवर आल्या. "हर साल श्राद्ध में तेरी थाली निकालते थे वो. उसके बाद ही खाते थे. अब मैं निकालती हूँ." डोळे पुसता पुसता त्या हसल्या. "अब काहे को निकालूँ? तू तो सामने बैठी है!"

भिंतीवर लेखराजचा फोटो होता. गोदाबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. माणूस भला वाटत होता. ओळखीचा मात्र वाटेना.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "त्या सुंदरीचं कुणी होतं का गं?"

"स्टेशनवर एकटी सापडली, एवढंच आहे. कुणी शोधत आलं असेल तर त्यांना सांगितलं असेल, मुलगी चांगल्या घरी गेली म्हणून."

नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा गोदाबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, "दादा, मागे घ्या."

देवीबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "भाभी, वो थाली बंद मत करना. सुंदरी के नाम से निकालना."

"कौन सुंदरी?"

"मेरे नाम से जो मरी, वो."

देवीबाई म्हणाल्या, "तू आना. तू ही परोसना."

भाद्रपदात गोदाबाई गेल्या. त्यांनी भात वाढला, वर कढी घातली, गोड ठेवलं. थाळी गायीला देऊन झाल्यावर दोघी जेवायला बसल्या. देवीबाईंनी त्यांच्या पानात आणखी थोडा भात घातला, आणि त्यांनी तो खाल्ला.