कोलंबीच्या तळ्यातलं चाक

तळोज्याच्या कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडावं लागणार, असा नियम कडक होणार होता. त्याच भरवशावर पनवेलच्या प्राजक्ताने १९९२ साली नोकरी सोडून वर्कशॉप टाकलं. तिचं यंत्र साधं होतं. चाक फिरायचं, पाणी घुसळलं जायचं आणि त्यात हवा मिसळून घाण कमी व्हायची. सहा कारखान्यांनी ऑर्डर दिल्या. निम्मं काम झालं आणि नियम पाळायची मुदत वाढल्याची बातमी आली. मग कानावर आलं, की सरकार सगळ्यांसाठी मिळून सांडपाणी शुद्ध करण्याचं एकच केंद्र बांधणार. कारखानदार फोनच घेईनात.

"मॅडम, काम बंद करू?" वेल्डर गोरखने विचारलं.

"बंद कर. पण घरी कुणी बसायचं नाही."

ती मुंबईच्या सरकारी ऑफिसांत खेपा घालून आली. प्रत्येक टेबलावर निराळं उत्तर. तिथून परततानाच तिने ठरवलं, आता विचारत बसायचं नाही. पाण्यात हवा आणखी कुणाला लागते, ते शोधायचं.

उरणच्या काशिरामने खाडीकाठी कोलंबीचं तळं केलं होतं. ती गेली तेव्हा तो मेलेली कोलंबी टोपलीत भरत होता.

"पहाटे वर येते, तडफडते नि मरते," तो म्हणाला. "पाण्यात दमच नाय."

"माझं एक चाक लावून बघू या?"

"लाव बाय. तशी बी मरतेच हाय."

चाक लागलं आणि कोलंबी जगली. पण खाऱ्या पाण्याने महिन्याभरात लोखंड खाल्लं. गोरखचा चेहरा पडला. प्राजक्ताने मात्र गंजलेली पाती उचलून टेबलावर मांडली आणि फायबरची पाती, स्टेनलेसचा दांडा असं नवं चित्र काढायला घेतलं. ते चाक टिकलं. काशिरामचे शेजारी आपणहून वर्कशॉपवर आले. गोरखच्या हाताखाली आणखी माणसं घ्यावी लागली.

दोन वर्षांनी, आपापलं सांडपाणी स्वतःच शुद्ध करा, अशा नोटिसा कारखान्यांना गेल्या. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक मॅनेजर धावत आले.

"आमचं यंत्र लगेच हवंय!"

"देईन. आधी उरणची चाकं पुरी होऊ देत."

"कोलंबीवाल्यांची आधी? आमचा कारखाना आहे, मॅडम!"

"मुदत पुन्हा वाढली, तर तुम्ही फोन घेणार नाही. ते घेतात."

मॅनेजर ओशाळले. तिथल्या तयार चाकावर त्यांनी हात फिरवला.

"हे आमच्या ॲसिडच्या पाण्यात टिकेल?"

"कॅनभर पाणी पाठवा," प्राजक्ता म्हणाली. "बघून सांगते."