तेरा वेळा काहीच झालं नाही

पोह्यांवर भुरभुरलेला जिरावण मसाला तसाच होता. मननचा घास हातातच राहिला. कारण समोर बसलेल्या चिऊनं, त्याच्या लहान बहिणीनं, सकाळी सकाळी विचारलं, "दादा, अंकितदादाला आत्तापर्यंत नऊ साफे मिळाले. तुला एक तरी कधी मिळणार?"

आता काय सांगायचं तिला?

मनन देवासच्या फुटबॉल टीमचा डिफेंडर. सहा वर्षं एकाच जागी उभा, गोलकीपर अर्पितच्या पुढे. समोरून बॉल येणार, हा अडवणार, झालं. त्याचा फोटो कोण काढणार?

आणि आधी ही टीम ओळखली कशासाठी जायची, माहितीये? हिच्यावर गोल होत नाही म्हणून! मॅच एक-शून्य, नाहीतर शून्य-शून्य. बघणारे जांभया द्यायचे, पण टीम हरायची नाही. मग गेल्या वर्षी नालछ्याला एक मॅच पाच-चार जिंकली. टीमचे अध्यक्ष उदाजीराव इतके खुश, इतके खुश, की थेट मैदानात उतरले, आपल्या डोक्यावरचा साफा काढला आणि गोल मारणाऱ्या अंकितच्या डोक्यावर ठेवला! कोणीतरी व्हिडिओ काढला. बस! दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तोच.

तेव्हापासून रिवाजच पडला. गोल मारला की उदाजीराव साफा बांधणार, ढोल वाजणार. मग काय, प्रॅक्टिसला सगळे नुसते गोलवर किका मारत बसायचे. मागे चार जण असायचे, त्यांचे तीन झाले, मग दोनच उरले. अर्पित ओरडून ओरडून थकला, "अरे भिया, मागे पण कोणी थांबा रे!"

कॅप्टन अंकित हसायचा. "तू चार खा ना भिया, अपन पाच मारू!"

सगळे हसायचे. अर्पित नाही हसायचा. पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरतीची फिजिकल होती. दौड आणि गोळाफेक. दोन वर्षं पहाटे उठून तयारी केलेली, आणि पोरगा डावखुरा. "माझ्या अंगावर सगळे एकदम आले आणि हात मोडला, तर गोळा काय तुम्ही फेकणार?" असं तो खरंच म्हणाला होता. कोणी ऐकलं नाही.

तर त्या रविवारी धारला फायनल. मननची आई पहिल्यांदाच मॅच बघायला आली. तिला सगळे माईच म्हणतात. माई सरकारी दवाखान्यात नर्स, रविवारी पोलिओच्या डोजला नाहीतर कुठेतरी ड्यूटीला. त्या दिवशी सुट्टी मिळाली, म्हणून चिऊला घेऊन गाडीत बसली.

पहिला हाफ, तीन-शून्य! देवास पुढे! ढोलवाला वेडाच झाला. आणि उदाजीरावांना काही धीर धरवेना. त्यांनी हाफटाइमलाच पिशवी उघडली आणि तिघा गोल मारणाऱ्यांना साफे बांधून टाकले. अरे, मॅच अर्धी बाकी होती!

अर्पितनं तोवर किती बॉल अडवले ते कोणी बघितलंच नाही. मनन पाण्याची बाटली घेऊन एका बाजूला उभा होता. चिऊनं लांबून त्याच्याकडे बघून दोन्ही हात डोक्याभोवती फिरवले. मतलब, दादा, तुझा साफा?

आणि सेकंड हाफमध्ये जे झालं ना, ते कोणाला खरं वाटणार नाही.

मननने जागा सोडली!

हो, मननने! सहा वर्षांत जो एक पाऊल इकडचा तिकडे झाला नव्हता, तो बॉल घेऊन सरळ पुढे पळत सुटला. दुसऱ्या डिफेंडरनं पाहिलं, तोही त्याच्या मागे. माई उभीच राहिली. "अरे मनन! मागे कोण आहे?"

मागे कोणीच नव्हतं. बॉल सुटला, धारची पोरं आली, समोर एकटा अर्पित. तीन-एक. आता तरी थांबेल? नाही! "एकच गोल, बस एकच," म्हणत मनन परत पुढे गेला. तीन-दोन. तीन-तीन! आणि शेवटच्या मिनिटाला धारचे तिघे एकदम अर्पितवर आले. त्यानं एकाच्या पायात उडी घेतली, बॉल धरला, वरून दुसरा पडला, आणि काहीतरी कट् करून वाजलं. बॉल सुटून जाळीत गेला. अर्पित उठलाच नाही.

ढोल बंद. एवढ्या मोठ्या मैदानात फक्त अर्पितचं ओरडणं.

डावं मनगट. दोन जागी मोडलेलं.

दवाखान्याच्या बाकावर सगळे बसले होते. अंकितचा साफा त्याच्या मांडीवर, कोणाची मान वर होईना. उदाजीराव येरझाऱ्या घालत होते. "तीन गोल मारून हरलो! चार खाल्ले पोरानं, चार!"

"भाऊजी," माई म्हणाली, "अडवले किती?"

"अं?"

माईनं तळहात पुढे केला. काळ्या मार्करच्या रेघा. एका शेजारी एक, तेरा. "पोलिओचा डोज दिला की लेकराच्या करंगळीला ज्यानं निशाण लावते, तोच मार्कर. पर्समध्ये असतोच. सवयीनं ओढत गेले. तेरा वेळा त्यानं गोल होऊ दिला नाही."

उदाजीरावांनी वाकून एकेक रेघ मोजली.

"सत्तावीस वर्षं मी घरोघर फिरते. कोणी दार लावून घेतं, कोणी आज नको म्हणतं. ज्या लेकराला काही झालं नाही, त्याची आई कधी पेढे घेऊन आली नाही. येणार कशी? काय टळलं, हे तिला माहितीच नाही! त्याचं मला काही नाही. पण उद्या मी म्हणाले, माझ्यासाठीही ढोल वाजवा, नाहीतर मी चालले, तर?"

"माई, चूक माझी आहे," मनन रडतच म्हणाला.

"आहेच तुझी. पण एकट्याची नाही. सहा वर्षं तू उभा होतास तेव्हा बघायला आलं कोण? मी तुझी आई, मी पण आज पहिल्यांदा आले."

तेवढ्यात अर्पित बाहेर आला, कोपरापर्यंत प्लास्टर. उदाजीरावांनी आपल्या डोक्यावरचा साफा उतरवला आणि पुढे केला. अर्पित मागे सरकला.

"नको काकासाहेब. घेऊन काय करू? भरती तर गेली."

ते मनगट आता महिन्याभरात गोळा फेकणार नव्हतं.

उदाजीराव मटकन बाकावर बसले. "साफा मी बांधला," ते हळूच म्हणाले, "आणि मैदान मीच रिकामं केलं."

माई उठली, पर्समधून मार्कर काढला. प्लास्टरमधून बाहेर डोकावणारी अर्पितची करंगळी हळूच धरली आणि नखावर निशाण लावलं, लेकरांना लावते तसंच. अर्पित इतका वेळ रडला नव्हता. तेव्हा रडला.

मित्रांनो, देवासला आता साफे बंद नाही झाले. पण आधी मॅच संपते, मग माई येते, जागा न सोडणाऱ्यांच्या करंगळीवर निशाण लावते, आणि पहिला ढोल त्यांचा. पुढच्या वर्षीच्या भरतीसाठी मनन रोज पहाटे अर्पितबरोबर धावतो. परवा मॅच शून्य-शून्य झाली. रस्त्यावरचे लोक चकित, गोल नाही आणि ढोल कशाचा?

तुमच्या घरात, ऑफिसात, गल्लीत कोणीतरी असंच मागे उभं असतं. त्याच्यामुळे जे झालंच नाही, ते दिसत नाही, म्हणून आपण त्याला विसरतो. मग एक दिवस तो जागा सोडतो, आणि आपण विचारतो, असं कसं झालं? तो उभा आहे तोवरच त्याच्याकडे बघा!

चिऊला तर कळलंय. परवा दादाची काळी करंगळी धरून ती गल्लीभर ओरडत फिरली, "आज काहीच झालं नाही! माझ्या दादामुळे!"