हॉलंडची बाजू

१९७४ सालापर्यंत शेलूबाजारात फुटबॉल खेळलेला माणूस एकच होता, देवमन. पंधरा वर्षं पलटणीत काढून तो गुडघा मोडून घरी आला. गुडघा लढाईत नाही, सागरच्या छावणीतल्या मैदानावर फुटबॉल खेळताना मोडला, हे तो कधी लपवत नसे. आम्ही मात्र पाहुण्यांना लढाईतच मोडला म्हणून सांगायचो. गावाचीही काही अब्रू असते.

परत आल्यावर तो कापसाच्या गोदामावर रात्रीचा चौकीदार झाला. दुपारी झोप झाली की हमरस्त्यावरच्या ज्ञानचंदच्या किराणा दुकानावर येऊन बसे. ज्ञानचंद त्याचा शाळासोबती. शाळेत एक ग्यान्या आणि दुसरा देव्या होता. पुढे देवमन त्याला शेठ म्हणू लागला आणि तुमी म्हणू लागला. ज्ञानचंद मात्र त्याला तूच म्हणत राहिला. कुणी शिकवायला लागत नाही, या गोष्टी आपोआप होतात आणि म्हणूनच त्यांचा राग येतो.

दुकानाचा ओटा छातीएवढा उंच. वर गादी, गादीच्या कडेला आढ्याला टांगलेला मोठा काटा, आणि आतल्या लोडाला टेकून ज्ञानचंदचे वडील, भागचंदशेठ, माळ ओढत बसलेले. तलाठी आला, गुरुजी आले, तर गादीवर बसत. देवमन पायरीवर बसे. त्याला बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि वर ये म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या जूनमध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. अकोल्याच्या बसने आदल्या दिवशीचा पेपर यायचा. देवमन तो पायरीवर बसून मोठ्याने वाचायचा आणि ज्ञानचंद साखर तोलता तोलता ऐकायचा. चार-दोन दिवसांत त्याला गोडी लागली. कोणता देश गडी कसे उभे करतो, कोण कुणाच्या मागे पळतो, हे तो विचारू लागला. सांगून कळेना तेव्हा देवमनने एक रिकामं पोतं ओट्यावर अंथरलं, खडूने रेघा मारल्या आणि अकरा भोपळ्याच्या बिया मांडल्या.

तिथून खेळ सुरू झाला. कवड्या-फासे चालणार नव्हते. भागचंदशेठच्या घरात जुगार म्हणजे सात व्यसनांतलं पहिलं. म्हणून नशिबाला जागाच ठेवली नाही. पाळीपाळीने प्रत्येकाने आपले दोन गडी हलवायचे. चेंडू म्हणजे एक मिरं. ते सरळ रेषेत कितीही लांब मारा, पण वाटेत समोरचा गडी असला तर मिरं त्याचं. बस, एवढंच. आधी ब्राझील झाला, पोलंड झाला. पोलंडचे दोन्ही कडांनी धावणारे गडी ज्ञानचंदने आठ दिवस चालवून पाहिले. शेवटी दोघांचं ठरून गेलं. देवमन हॉलंड, ज्ञानचंद जर्मनी.

हॉलंडच्या बिया देवमनने होळीच्या उरलेल्या पळसफुलांत उकळून नारिंगी केल्या. पेपरातला फोटो काळापांढरा, पण बातमीत नारिंगी लिहिलं होतं. तो त्या तंबाखूच्या डबीत घालून घरी नेई. ज्ञानचंदची जर्मनी चिंचोक्यांची. हॉलंड खेळतो कसा, हे देवमनने वऱ्हाडीत समजावलं. हे इर्जिक आहे म्हणाला. एकाचं वावर नांगरून झालं की सगळे मिळून दुसऱ्याच्या वावरात. मागचा पुढे जातो, पुढचा मागे येतो. जागा रिकामी झाली की जो जवळ असेल त्याने भरायची, ही तुझी जागा ती माझी जागा असं काही नाही. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की समोरच्या हॉटेलातले आम्ही चहा सोडून ऐकायचो.

ज्ञानचंदला जर्मनी पसंत पडली, कारण ती दुकानदारासारखी होती. प्रत्येकाने आपापलं गिऱ्हाईक सांभाळायचं आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा गडी ठेवायचा. तो कुणाच्या मागे पळत नाही, सगळ्यांवर नजर ठेवतो आणि निसटलेला चेंडू उचलतो. ज्ञानचंद त्याला मागचा गडी म्हणायचा.

जुलैमध्ये खरी फायनल झाली आणि हॉलंड हरला. देवमन दोन दिवस धड जेवला नाही. मग म्हणाला, हॉलंड चुकून हरला, मी दाखवतो. झालं, त्यानंतर रोज दुपारी तीच फायनल. आणि रोज हॉलंड हरायचा. देवमनचा डाव पाहण्यासारखा असे. बिया पोत्यावर अशा फिरायच्या की ज्ञानचंदचे चिंचोके गोंधळून जायचे. पण शेवटी मिरं मारलं की ते नेमकं मागच्या गड्याच्या पायात जायचं. ज्ञानचंद मांडीवर थाप मारून म्हणायचा, “अरे, एवढा मोठा मागचा गडी तुले दिसत नाई का?” देवमन हसायचा आणि पुढच्या वेळी पाहू म्हणायचा.

सुरुवातीला तो प्रत्येक चालीआधी पायरीवरून उठून उभा राहायचा. मोडका गुडघा धरून उठणं, वाकून पाहणं, पुन्हा बसणं. ज्ञानचंद चिडवायचा, ही काय परेड आहे का, इथे कोणता साहेब आला? आम्हीही हसायचो. मग देवमनचं उठणं कमी होत गेलं आणि पावसाळा संपता संपता बंदच झालं.

आता पोत्याची गोष्ट. त्या पोत्याच्या एका अंगाला जाड शिवण होती, मिरं तिथे अडायचं. म्हणून मध्यांतराला बाजू बदलायची ठरली होती. बाजू बदलायची म्हणजे काय, तर ज्ञानचंद दोन्ही हातांनी पोतं गोल फिरवायचा. शिवण इकडून तिकडे गेली, झाला न्याय. माणसं आपापल्या जागीच.

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी त्याने असंच पोतं फिरवायला हात घातला आणि देवमनने पोत्यावर पंजा ठेवला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडचं शेठ गळालं.

“ग्यान्या, फुटबॉलात मानसं बाजू बदलतात. मैदान नाई फिरवत कोनी.”

ज्ञानचंद म्हणाला, एकच तर आहे, फरक काय पडतो? देवमन म्हणाला, पडतो. एकच डाव वरून खेळू दे, तू खाली बस, मग हॉलंड हरला तर जन्मभर नाव घेणार नाही. ज्ञानचंदने आत पाहिलं. भागचंदशेठची माळ थांबली होती. मग तो हळूच म्हणाला, बाबूजी शिखरजीच्या यात्रेला जाणार आहेत, ते गेले की तू वर ये आणि मी पायरीवर बसतो. घोडामैदान जवळच आहे. देवमनने पंजा उचलला.

ज्ञानचंद वाईट माणूस नव्हता. त्याला कळत होतं, पण वळत नव्हतं, एवढंच. अशा चांगल्या माणसांनी जेवढा उशीर केला आहे तेवढा वाईटांनीही केला नसेल.

म्हातारबांची यात्रा काही निघेना. कधी खोकला, कधी सोबतीला माणूस नाही. कार्तिकात ते एका दिवसासाठी शिरपूरला दर्शनाला गेले. ती बातमी गोदामापर्यंत पोचली. दुपारी देवमन आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला तेल लावून, बोअरिंगच्या पंपावर पाय धुऊन. पायरीशी उभा राहिला, बसला नाही. गादीवर तलाठी बसला होता आणि कापसाच्या जिनातले दोघे होते. ज्ञानचंदने त्याच्या शर्टाकडे पाहिलं, त्याच्या ओल्या पायांकडे पाहिलं.

“आज गर्दी आहे रे. शिखरजीले जातीलच ना ते. तवा निवांत खेळू.”

देवमन बरं म्हणाला. मग पायरीवर बसला आणि डबी उघडली. त्या दिवशी हॉलंड तीन गोलांनी हरला.

पौषात भागचंदशेठ एकदाचे शिखरजीला निघाले. त्यांची बस वळणाआड गेली न गेली तोच ज्ञानचंदने नवं पोतं काढलं, गादीवरची चादर बदलली आणि हमालाला देवमनकडे पिटाळलं. हमाल एकटाच परत आला. देवमनला कावीळ झाली होती, डोळे पिवळेधमक पडले म्हणून आदल्या संध्याकाळी अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ज्ञानचंद म्हणाला, येईल, काविळीने काय होतं, उसाचा रस पाजा. त्या चादरीवर त्याने कुणाला बसू दिलं नाही. तलाठ्यालासुद्धा त्याने लाकडी स्टूल दिलं.

आठवड्याच्या आत देवमनला मोटारीच्या टपावर बांधून आणलं.

ज्ञानचंद मातीला गेला होता. देवमनच्या वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून बुद्धवंदना म्हणत पुढे चालले होते आणि तो सगळ्यांच्या मागे, एकटा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पण पोतं अंथरलं नाही. पुढे भागचंदशेठ यात्रेहून आले, प्रसाद वाटून झाला, पुन्हा लोडाला टेकले. सगळं होतं तसं सुरू झालं. याचं फार वाईट वाटायचं, की सगळं होतं तसंच सुरू होतं.

शिमग्याआधी एका दुपारी देवमनची बायको केशरबाई मीठ न्यायला आली. मीठ पदरात घेतलं आणि तंबाखूची डबी ओट्यावर ठेवली.

“हे त्यांचं हॉलंड. घरी ठेवलं तं लेकरं फोडून खातीन.” जायला वळली आणि थांबली. “ते शिरपूरच्या दिवशी तांब्यात इंगळ घालून म्याच शर्टाले इस्त्री केली होती. म्हने, आज मी वरून खेळतो.”

ती गेली. ज्ञानचंदने डबी उघडली. मग त्याने जुनं, शिवणीचं पोतं काढून ओट्यावर अंथरलं. आपल्या अंगाला जर्मनीचे चिंचोके मांडले, मागचा गडी नेहमीच्या ठिकाणी ठेवला. पलीकडे हॉलंडच्या बिया मांडल्या, मधोमध मिरं ठेवलं. हॉलंडची चाल होती आणि चाल करायला कोणी नव्हतं. तो उठला, ओट्यावरून खाली उतरला आणि भर बाजारात पायरीवर बसला.

समोरून आम्ही पाहत होतो. त्याने एक बी हलवली, दुसरी हलवली. मिरं मारायला बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला, वाकून पाहिलं, पुन्हा बसला. पुन्हा उभा राहिला. ओट्याच्या कडेला काट्याचं पितळी पारडं लोंबत होतं. वरून ते कधी आड आलं नव्हतं. खालून पोत्याचा पलीकडचा अर्धा भाग त्या पारड्याआड होता, जर्मनीचा गोल आणि त्याच्या पुढचं सगळं.

आतून भागचंदशेठ म्हणाले, “ग्यानू, खाली काहून बसला तू? लोकं पाहून राह्यले. वर ये.”

ज्ञानचंदचे डोळे भरून वाहत होते आणि ते त्याने पुसले नाहीत.

“बाबूजी,” तो म्हणाला, “इथून मागचा गडी दिसतच नाई.”